जेद्दाचा तह, कलमाकलमानं

जेद्दाचा तह ११ कलमांचा आहे. वाचायला अर्धा तास पुरतो, पण तेवढ्यावर उठलं तर हाती फारसं काही लागत नाही. मैत्री राहील, यात्रेकरूंची सोय होईल, गुलामांचा व्यापार थांबवायला दोन्ही सरकारं मिळून झटतील, इतकंच कळतं. २० मे १९२७ रोजी त्यावर सह्या झाल्या. ब्रिटनतर्फे सर गिल्बर्ट क्लेटन आणि हिजाझ (मक्का-मदिनेचा तांबड्या समुद्राकाठचा मुलूख) व नजद (अरबस्तानचा मधला भाग) यांचे राजे अब्दुल अझीझ इब्न सऊद यांच्यातर्फे त्यांचे पुत्र, हिजाझचे व्हाइसरॉय अमीर फैसल. त्याच्या जेमतेम सहा महिने आधी हीच बोलणी फिसकटली होती. माणसं बरीचशी तीच होती, मुद्दे तेच होते. मग मे महिन्यात तह झाला कसा? हा प्रश्न मनात धरून आम्ही तह लावून वाचला. तो क्रम इथे देतो, कारण कुठलाही वसाहतकालीन तह याच रीतीनं उलगडता येतो.

पहिलं काम म्हणजे जुना तह शेजारी ठेवणं. जेद्दाच्या तहाचं ९ वं कलम सांगतं की २६ डिसेंबर १९१५ चा तह आता रद्द समजावा. नवा तह कशातून सुटण्यासाठी केला ते या एका ओळीत आहे. म्हणून वाचायला सुरुवात ९ व्या कलमापासून करावी, पहिल्यापासून नाही.

१९१५ चा तह इब्न सऊद यांनी दारीनला केला. हे गाव कतीफजवळच्या तारूत बेटावर आहे. समोर होते सर पर्सी कॉक्स, इराणच्या आखातातले हिंदुस्थान सरकारचे रेसिडेंट. तहावर शिक्कामोर्तब केलं तेही लंडनहून नव्हे, व्हाइसरॉयनी सिमल्याहून, १८ जुलै १९१६ रोजी. एकंदर ७ कलमं. ब्रिटननं नजद, अल-हासा, कतीफ आणि जुबैल हा मुलूख इब्न सऊद यांचा मानला आणि परक्या सत्तेनं हल्ला केला तर मदतीचं वचन दिलं. बदल्यात इब्न सऊद यांनी तीन गोष्टी लिहून दिल्या. कुठल्याही परराष्ट्राशी पत्रव्यवहार, करार वा तह करायचा नाही. मुलखाचा कुठलाही भाग विकायचा, गहाण टाकायचा वा भाड्यानं द्यायचा नाही. कुवेत, बहारीन, कतार आणि ओमान किनाऱ्याच्या (आजच्या संयुक्त अरब अमिरातीच्या) शेखांवर चाल करायची नाही. वारस नेमायचा अधिकार त्यांचाच राहिला, पण तो वारस ब्रिटिश सरकारच्या विरोधातला नसावा, अशी मेख मारलेली होती. पुढे दरमहा ५,००० पौंडांचा तनखाही सुरू झाला. तो १९२४ मध्ये थांबला.

मराठी वाचकाला ही कलमं अनोळखी वाटायला नकोत. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावानं कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी न करण्याचं कबूल केलं होतं. संस्थानांशी केलेल्या करारांतून हाच साचा घडत गेला आणि तोच आखातात गेला. १८९२ मध्ये ओमान किनाऱ्याचे शेख त्यात बसवले गेले, १८९९ मध्ये कुवेत. खुद्द कॉक्स यांनी कारकिर्दीच्या आरंभी कोल्हापूर आणि सावंतवाडी संस्थानांत किरकोळ पदांवर काम केलं होतं. संस्थानिकाशी कसं लिहायचं, काय मागायचं, काय मोघम ठेवायचं, याची तालीम हिंदुस्थानच्या राजकीय खात्यात मिळत असे. दारीनचा मसुदा त्या तालमीतला आहे.

१९२७ मध्ये हा साचा का चालेना? कारण समोरचा माणूस तोच असला तरी पद बदललं होतं. डिसेंबर १९२५ मध्ये जेद्दा शरण आलं, जानेवारी १९२६ मध्ये इब्न सऊद हिजाझचे राजे झाले. फेब्रुवारीत सोव्हिएत संघानं सगळ्यांच्या आधी त्यांना मान्यता दिली. जेद्दात परदेशी वकिलाती होत्याच. ज्या राजाला इतर राष्ट्रं परस्पर मान्यता देत आहेत, त्याला ‘परराष्ट्राशी पत्रव्यवहार करणार नाही’ हे कलम लावणार कसं? ते कागदावर जिवंत होतं, व्यवहारात मेलेलं होतं. ब्रिटनलाही ते कळत होतं. नवा तह व्हावा ही गरज दोघांचीही होती, हे आधी ध्यानात घ्यावं. नाहीतर पुढची सगळी ताणाताणी एका बाजूची मुजोरी किंवा दुसऱ्या बाजूची हट्टीपणाची गोष्ट वाटते.

दुसरं काम म्हणजे फसलेल्या मसुद्याचा शोध. झालेल्या तहापेक्षा न झालेला मसुदा जास्त बोलतो. इथे असे दोन आहेत.

पहिला इब्न सऊद यांचा नाहीच. तो हिजाझचे आधीचे राजे हुसेन यांच्यासाठी लिहिला होता. १९२१ च्या उन्हाळ्यात ब्रिटनतर्फे टी. ई. लॉरेन्स जेद्दात तळ ठोकून हुसेन यांच्याशी बोलत होते. ब्रिटनला तहात पॅलेस्टाइन, इराक वगैरे मँडेटच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर आपल्याकडे कारभाराला सोपवलेल्या, प्रदेशांतलं आपलं स्थान हुसेन यांच्याकडून मान्य करून हवं होतं. हुसेन यांचं म्हणणं, १९१५-१६ च्या पत्रव्यवहारात इजिप्तमधले ब्रिटिश हायकमिशनर मॅकमहोन यांनी अरबांना दिलेला शब्द आधी पाळा. एक कलम सुटलं की दुसरं अडे, आज मान्य केलेलं उद्या परत उघडलं जाई. पुढे लंडनमध्ये बोलणी चालली, १९२३ मध्ये नवा मसुदा निघाला, तोही पॅलेस्टाइनवर अडला. १९२४ मध्ये हुसेन यांनी गादी सोडली, तोवर त्यांच्या हातात सही झालेला कुठलाच तह नव्हता. इब्न सऊद यांची फौज ताइफवरून मक्केकडे आली तेव्हा ब्रिटननं तटस्थता धरली.

दुसरा मसुदा नोव्हेंबर-डिसेंबर १९२६ चा. जेद्दातले ब्रिटिश प्रतिनिधी एस. आर. जॉर्डन यांनी राजाशी बोलणी केली, सोबत अरबी-इंग्रजी जाणणारे जॉर्ज अँटोनियस होते. (दफ्तरात शोधताना ‘जॉर्डन’ हे आडनाव फार त्रास देतं. नदी, प्रदेश आणि माणूस तिन्ही एकदम समोर येतात. शोधशब्दात ‘जेद्दा’ आणि साल घालूनच शोधावं.) या बोलण्यांत चार गाठी पडल्या, आणि आमच्या मते सगळा तह या चार गाठींचाच आहे.

एक, मँडेटच्या प्रदेशांतलं ब्रिटनचं खास स्थान मान्य करणं. दोन, उस्मानी काळापासून चालत आलेले कॅपिट्युलेशनचे हक्क, म्हणजे परकीय प्रजाजनांना स्थानिक न्यायालयांऐवजी आपल्या वकिलातीचं संरक्षण. तीन, जेद्दाच्या ब्रिटिश वकिलातीत आसरा घेतलेल्या गुलामाला मुक्त करून मायदेशी पाठवण्याचा अधिकार. चार, तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाजवळचा अकाबा आणि मआनचा पट्टा कुणाचा. १९२५ च्या उन्हाळ्यात ब्रिटननं हुसेन यांना अकाबाहून हलवून हा पट्टा ट्रान्सजॉर्डनला (आजच्या जॉर्डनला) जोडून टाकला होता. इब्न सऊद तो हिजाझचा मानत.

आता तिसरं काम. कागद घ्यावा, डावीकडे या चार गाठी लिहाव्या आणि उजवीकडे १९२७ च्या तहात त्यांचं काय झालं ते शोधावं. इथेच आम्ही सगळ्यात जास्त थांबलो.

मँडेट: ११ कलमांत पॅलेस्टाइनचं नाव कुठेही नाही. इराक आणि ट्रान्सजॉर्डनचंही नाही. हुसेन यांच्याकडून जे वाक्य तीन वर्षं मागितलं ते इथे सोडूनच दिलं. राहिलं ते ६ वं कलम: कुवेत, बहारीन आणि ब्रिटनशी ‘खास तहसंबंध’ असलेले कतार व ओमान किनाऱ्याचे शेख यांच्याशी राजा स्नेहाचे आणि शांततेचे संबंध ठेवील. १९१५ च्या ६ व्या कलमाशी हे ताडून पाहावं. तिथे चाल न करण्याचं वचन होतं. इथे ‘स्नेहाचे संबंध’ आहेत, पण सीमा कुठे ते नाही. हिंदुस्थान सरकारला काळजी आखाताची, लंडनच्या परराष्ट्र खात्याला तांबड्या समुद्राची. आखाताची काळजी या एका वाक्यात बसवली. सीमा न आखल्याचे परिणाम पुढे तेल शोधताना दिसले.

कॅपिट्युलेशन: पहिल्या कलमात राजाच्या मुलखाचं ‘पूर्ण आणि निरपवाद स्वातंत्र्य’ मान्य केलं आणि ५ व्या कलमात दोघांनी एकमेकांच्या प्रजाजनांचं राष्ट्रीयत्व मान्य केलं. त्याच्या शेपटाला एक वाक्य जोडलं: स्वतंत्र सरकारांमध्ये पाळली जाणारी आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं पाळली जातील. कॅपिट्युलेशन रद्द झालं असं कुठे लिहिलेलं नाही. पण जे स्वतंत्र राज्य आहे आणि जिथे आंतरराष्ट्रीय कायदा लागू आहे, तिथे तो हक्क उरतच नाही. ब्रिटननं माघार घेतली आणि ती माघार म्हणून लिहून द्यावी लागली नाही. या कलमाला मुंबईचीही बाजू आहे. नजद, कुवेत, बहारीनचे मोत्यांचे आणि घोड्यांचे व्यापारी मुंबईत ये-जा करत, कित्येक तिथेच राहत. उस्मानी साम्राज्य संपल्यावर असा नजदी व्यापारी नेमका कुणाचा प्रजाजन, याचं उत्तर ५ व्या कलमात आहे.

गुलाम: ७ वं कलम गुलामांच्या व्यापाराबद्दल आहे, गुलामगिरीबद्दल नाही. हा फरक निसटू देऊ नये. राजानं व्यापार मोडायला ‘सर्व उपायांनी’ सहकार्य करायचं कबूल केलं. घरातल्या गुलामाच्या कायदेशीर स्थितीला हात लावला नाही. वकिलातीच्या मुक्ततेच्या अधिकाराचा तहात उल्लेख नाही. तो पत्रात आहे.

अकाबा-मआन: हाही तहात नाही. हाही पत्रात आहे.

म्हणून चौथं काम, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचं: तहासोबतची पत्रं आधी वाचावी. १९ मे १९२७ ची तारीख असलेल्या पत्रांत क्लेटन लिहितात की गुलाममुक्तीचा अधिकार सध्या सोडणं ब्रिटिश सरकारला शक्य नाही, मात्र त्यामागे राजाच्या कारभारात वा सार्वभौमत्वात ढवळाढवळ करण्याचा हेतू नाही. सीमेच्या पत्रात रेघ नेमकी दिली आहे. ३८ अंश पूर्व रेखांश आणि २९ अंश ३५ मिनिटं उत्तर अक्षांश जिथे छेदतात तिथून निघायचं, हिजाझ रेल्वेवर मुदव्वराच्या दक्षिणेला २ मैलांवर यायचं आणि तिथून अकाबाच्या आखातावर, अकाबा गावाच्या दक्षिणेला २ मैलांवर पोचायचं. राजाचं उत्तर काळजीपूर्वक वाचावं. ‘ही सीमा मान्य आहे’ असं त्यात नाही. अंतिम तोडगा काढण्याजोगी परिस्थिती येईपर्यंत अकाबा-मआन भागातली आहे ती स्थिती राखू आणि तिथल्या कारभारात हात घालणार नाही, असं आहे. ब्रिटननं रेघ लिहिली, राजानं रेघेचा उच्चार टाळून शांत राहण्याचं वचन दिलं. दोघांनाही आपापल्या घरी आपण काही सोडलं नाही असं सांगता आलं. शस्त्रखरेदीवरची बंदी उठल्याचा खुलासाही असाच पत्रातून झाला.

डिसेंबरात अडलेलं मेमध्ये सुटलं ते असं. दोन गाठी तहातून काढून पत्रांत ठेवल्या, एक वाक्यरचनेत विरघळवली आणि एक सोडून दिली. हे श्रेय बरंचसं क्लेटन आणि राजाच्या सल्लागारांचं. क्लेटन आणि इब्न सऊद यांनी याआधी एकदा एकत्र काम केलं होतं. १ आणि २ नोव्हेंबर १९२५ रोजी जेद्दा-मक्का रस्त्यावर बहरा आणि हद्दा इथे इराक व ट्रान्सजॉर्डनच्या सीमांबाबत दोन करार झाले, तेव्हा जेद्दाला वेढा चालू होता. समोरचा कुठे नमतो आणि कुठे नमणार नाही याची त्या वेळची ओळख १९२७ मध्ये कामी आली. दोन्ही वेळा अरबी-इंग्रजीचा पूल होते अँटोनियस.

भाषेवर थोडं सांगायलाच हवं. १० वं कलम म्हणतं की इंग्रजी आणि अरबी दोन्ही प्रती सारख्याच ग्राह्य, पण अर्थात फरक पडला तर इंग्रजी प्रत खरी धरावी. समान दर्जाच्या तहात ही पाचर राहिलीच. तिची किंमत कळायला १९२२ चा उकैरचा करार पाहावा. त्यात इराक आणि नजदनं कबूल केलं होतं की सीमेच्या आसपासच्या विहिरी आणि पाणवठ्यांचा लष्करी उपयोग करायचा नाही, तिथे गढ्या बांधायच्या नाहीत. ‘आसपास’ म्हणजे किती, हे लिहिलं नाही. १९२७ मध्ये इराकनं बुसैया इथे ठाणं बांधायला घेतलं. इराकच्या मते ते सीमेपासून दूर होतं. उंटावरून दिवसभर चालून पाणी गाठणाऱ्या टोळ्यांच्या मते ते सीमेवरच होतं. नोव्हेंबरात इख्वानांनी, म्हणजे नजदच्या कट्टर धार्मिक लढवय्या टोळ्यांनी, तिथल्या माणसांवर हल्ला केला. जेद्दाच्या तहाला मंजुरीपत्रं मिळून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. १९२८ मध्ये क्लेटन पुन्हा दोनदा जेद्दाला गेले, तरी ठाण्यांचा प्रश्न सुटला नाही. वाळवंटात अंतर मैलांनी मोजायचं की पाण्यानं, हे मसुदा लिहितानाच ठरवायला हवं होतं.

यात्रेकरूंची दोन कलमं, ३ रं आणि ४ थं, इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकली जातात. मुंबईच्या दृष्टीनं तहाचा जीव तिथे आहे. हिंदुस्थानातले हाजी मुंबई आणि कराचीहून जात, मुंबईत मुसाफिरखान्यांत उतरत, वाटेत तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइन होई. १९२६ मध्ये मदिनेतल्या बकी कब्रस्तानातल्या घुमटांच्या पाडापाडीवरून हिंदुस्थानात संताप होता. खिलाफत कमिटीची मध्यवर्ती कचेरी मुंबईत होती आणि अली बंधू त्याच वर्षी मक्केच्या परिषदेला जाऊन आले होते. अशा वेळी ब्रिटननं हजच्या धर्मविधींबद्दल एक शब्दही तहात घातला असता, तर तो ख्रिस्ती सरकारचा हस्तक्षेप ठरला असता. म्हणून ३ रं कलम फक्त इतकंच बोलतं: ब्रिटिश प्रजाजन आणि ब्रिटिश संरक्षणातले मुसलमान यांना इतर यात्रेकरूंइतकीच सोय मिळेल, आणि हिजाझमधल्या मुक्कामात त्यांचा जीव व मालमत्ता सुरक्षित राहील. ‘इतरांइतकीच’ हा शब्द मुद्दाम आहे. तो खास सवलत मागत नाही, फक्त भेदभाव टाळतो.

४ थं कलम अगदी घरगुती वाटावं असं आहे. समजा रत्नागिरीकडचा एखादा हाजी मक्केत वारला आणि त्याच्या मालमत्तेची व्यवस्था बघणारा कायदेशीर माणूस तिथे नाही. आधी स्थानिक न्यायालयाचे सोपस्कार पुरे व्हायचे, तिथल्या कायद्यानं लागणारी देणी वळती व्हायची, मग उरलेलं जेद्दाच्या ब्रिटिश प्रतिनिधीकडे यायचं आणि त्याच्यामार्फत वारसांपर्यंत. क्रम बघा: न्यायालय आधी, वकिलात नंतर. कॅपिट्युलेशनच्या जमान्यात वकिलातीनं आधी हात घातला असता. सार्वभौमत्वाचा सगळा वाद एका मेलेल्या यात्रेकरूच्या गाठोड्यावर येऊन ठरतो, आणि तो राजाच्या बाजूनं ठरतो.

हे सगळं स्वतः तपासायचं असेल तर सामग्री हाताशी आहे. लंडनच्या इंडिया ऑफिस दफ्तरातल्या आखाताच्या रेसिडेन्सीच्या फायली (मालिका आयओआर/आर/१५) आणि राजकीय खात्याच्या एल/पीएस मालिकेतल्या बऱ्याच फायली कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट वाचता येतात. मुंबई सरकारच्या खात्यांची दफ्तरं काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात आहेत. वाचताना तीन गोष्टी सांभाळाव्या. नावं अनेक रूपांत येतात: इब्न सऊद, बिन सऊद, अब्दुल अझीझ, हिजाझ आणि हेजाझ. तारखा दोन पंचांगांत येतात: तहावर १८ जिल्काद १३४५ आहे, दारीनच्या तहावर १८ सफर १३३४. आणि फायलीतला छापील तह शेवटी वाचावा, त्याच्या आधीचे शेरे आणि तारा आधी वाचाव्यात, कारण कुठला शब्द कुणी का बदलला ते तिथे असतं.

मुदतीचं कलम ८ वं. मंजुरीपत्रांची अदलाबदल १७ सप्टेंबर १९२७ रोजी जेद्दात झाली आणि तेव्हापासून ७ वर्षं तह चालायचा होता. मुदत संपण्याच्या ६ महिने आधी कुणी नोटीस दिली नाही तर तो आपोआप पुढे चालू. १९३६ च्या ऑक्टोबरात पत्रांच्या देवघेवीनं त्याची मुदत वाढवली गेली. त्याच सुमारास राजानं गुलामांबाबतचे नियम जाहीर केले आणि ब्रिटननं वकिलातीचा मुक्ततेचा अधिकार सोडला. ९ वर्षांपूर्वी पत्रात बाजूला ठेवलेली गाठ पत्रांनीच सुटली.

अकाबाची सुटायला त्याहून बराच काळ गेला. १९६५ मध्ये जॉर्डन आणि सौदी अरेबियानं मुलखाची अदलाबदल करून सीमा नव्यानं आखली, तेव्हा जॉर्डनला अकाबाच्या दक्षिणेला सुमारे १८ किलोमीटर जास्तीचा किनारा मिळाला. क्लेटनच्या पत्रातले अकाबाखालचे २ मैल तोवर ब्रिटिश नकाशांवर चालत राहिले होते.